काकूंच्या मागच्या दारावरचा दिवा

पडदे शिवणाऱ्या ताईंना आकाशाचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. भावाने आपली जुनी दुर्बीण देऊन टाकली, तेव्हापासून संध्याकाळी मशीन बंद झालं की त्या परसात खुर्ची टाकून बसत. नवरा चिडवायचा, "दिवसभर मान मोडून शिवतेस, मग बाम चोळतेस आणि पुन्हा तीच मान वर करून बसतेस!"

शहराच्या कडेचं आकाश ते काय, चार चांदण्या दिसल्या तरी नशीब. त्यात शेजारच्या काकूंच्या मागच्या दारावरचा दिवा थेट डोळ्यांत यायचा. ताईंनी एकदा भिंतीवरून विचारून पाहिलं.

"अगं, मला अंधारात धड दिसत नाही," काकू म्हणाल्या. "तुला का सांगायला हवं?"

खरंच नको होतं. काकूंच्या सुईत दोरा ताईच ओवून देत.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वाऱ्याने धूर पार झाडून नेला आणि आकाश लख्ख झालं. ताईंना कृत्तिका बघायच्या होत्या. काकूंच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. आता कुठे त्या बाहेर येतायत, असं म्हणत ताई फडकं घेऊन बुटकी भिंत ओलांडून गेल्या, तिथल्याच स्टुलावर चढल्या आणि बल्ब जरासा सैल केला.

दुर्बिणीत कृत्तिका उजळल्या. एरवी धुरकट ठिपका दिसायचा, तिथे मूठभर चांदण्या सांडल्या होत्या. ताई इतक्या हरखल्या की बाकी सगळं विसरल्या. पलीकडे काहीतरी धपकन पडलं, तेव्हा भानावर आल्या.

काकू वाळलेला टॉवेल काढायला आल्या होत्या. पायरी चुकली, मनगट मोडलं. ताईच धावल्या, त्यांनीच रिक्षा आणली.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या जावयाने बल्ब घट्ट केला. "वाऱ्याने सैल झाला असेल," तो म्हणाला. ताई तिथेच उभ्या होत्या.

मग कौतुक सुरू झालं. येईल त्याला काकू सांगत, "ही होती म्हणून वाचले. पोटची पोर करणार नाही इतकं करते." ताई रोज त्यांची वेणी घालायला जात आणि ऐकताना मान खाली घालत. काकूंना तो विनय वाटे.

शेवटी एकदा वेणी घालता घालता त्या म्हणाल्या, "काकू, वाऱ्याने नाही. बल्ब मी सैल केला होता. चांदण्या बघायला."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही.

"मला दिसत नाही हे माहीत असून?"

"हो."

"वेणी पुरी कर आणि जा."

त्यानंतर त्यांनी हाक मारली नाही. प्लास्टर निघालं, दोरा ओवायला दुसरी कुणी येऊ लागली. काकूंनी ती गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. जावई भेटला की अजून ताईंचे आभार मानायचा, आणि त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "अगं ए, दिवा बंद करायचा असला तर सांगत जा. मी आत जाऊन बसेन."

"नको काकू, राहू दे," ताई कशाबशा म्हणाल्या.

"तुझी मर्जी," म्हणून काकू हळूहळू पायऱ्या उतरल्या. त्या दोरीवरचे कपडे काढून आत जाईपर्यंत ताई भिंतीशी उभ्याच होत्या.