दुसऱ्या पसंतीचा माणूस

मॅलकी गिल्रेन ड्रमकील भागातून जिल्हा परिषदेवर पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा ते दुधाची लॉरी चालवत असत. डोंगरउतारावरच्या घराघरांतून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि ते डेअरीत पोहोचवायचे, हे त्यांचे काम होते. लॉरी प्रत्येक फाटकापाशी थांबे, आणि कॅनबरोबर त्या घरातली एखादी अडचणही लॉरीत चढे. कोणाच्या विधवा बहिणीचे पेन्शन अडकलेले असे, तर कोणाच्या गोठ्यात रस्त्याचे पाणी शिरलेले असे. "मॅलकी, गावात जातोच आहेस तर त्या कचेरीत जरा डोकावून ये ना," असे लोक म्हणत, आणि मॅलकी खरोखरच डोकावून येत. त्यांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. हा गुण मानावा की दोष, याविषयी त्यांच्या पत्नी अट्रॅक्टा यांचे मत स्पष्ट होते आणि ते त्या रोज बोलून दाखवत.

लोकांनीच आग्रह धरला म्हणून ते निवडणुकीला उभे राहिले. परंतु त्याच वेळी शाळेचे हेडमास्तर टिअर्नन हेही उभे होते, आणि मॅलकी जे काही लिहू-वाचू शकत होते ते मास्तरांमुळे. अशा माणसाच्या विरोधात मत कसे मागायचे?

आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. मतदार आपल्या पसंतीप्रमाणे नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालतो. ज्याला एक दिला तो जिंकायला लागतात त्याहून जास्त मते मिळवून निवडून आला, तर त्याची जास्तीची मते त्या मतदारांनी दोन दिलेल्यांकडे जातात. आणि तो सर्वांत मागे राहून बाद झाला, तर त्याची सगळीच मते तशी पुढे सरकतात. मॅलकींनी याचाच आधार घेतला. ते दारोदार जाऊन म्हणाले, "मास्तरांना एक द्या. मला दोन मिळाला तरी पुष्कळ आहे." मास्तर भरघोस मतांनी आले, आणि त्यांच्या जास्तीच्या मतांवर मॅलकी शेवटच्या जागेवर आले.

तेव्हापासून ती त्यांची रीतच झाली. मास्तर पुढे निवृत्त झाले, तरी प्रत्येक निवडणुकीत कोणाचा तरी मेहुणा, कोणाचा तरी शेजारी उभा असेच. "आधी आपल्या माणसाचं बघा, मग माझं," असे म्हणून मॅलकी टोपी डोक्यावर ठेवत आणि पुढच्या फाटकाकडे निघत. दर वेळी ते सर्वांत शेवटी निवडून येत. लोक त्यांना प्रेमाने 'दोन नंबरवाला' म्हणत. अट्रॅक्टाबाई म्हणत, "लग्नाची मागणी घालायला आला तेव्हासुद्धा माझ्या बापाला म्हणाला होता, माझ्याहून बरा कोणी मिळत असेल तर माझी काही हरकत नाही."

या रीतीने पस्तीस वर्षे गेली. ज्या घरी मृत्यू होई तिथे मॅलकी जात. इतर पुढाऱ्यांप्रमाणे ते हस्तांदोलन करत, मृताजवळ क्षणभर गुडघे टेकत. परंतु इतर पुढारी त्यानंतर मोटारीकडे वळत, आणि मॅलकी स्वयंपाकघरात जाऊन कपबश्या विसळायला लागत. पुष्कळ घरांत त्यांच्या हातून पेन्शन आले, दिवा आला, नळ आला. एकच काम राहिले होते. कोरीच्या डोंगरावर जाणारा रस्ता.

डांबर तिठ्यापर्यंत होते. पुढे नुसते दगड. रुग्णवाहिका तिठ्याशी थांबे, आणि आजारी माणसाला घराच्या काढलेल्या दारावर निजवून खांद्यावरून खाली आणावे लागे. परिषदेत कोणताही ठराव मांडायला एक सदस्य लागतो आणि त्याला अनुमोदन द्यायला दुसरा. मॅलकी वर्षानुवर्षे ठराव मांडत, आणि सभागृहातली बाकीची मंडळी छताकडे पाहत बसत, कारण प्रत्येकाचा आपापला एक रस्ता होता. अनुमोदन नाही म्हणून ठराव तिथेच संपे.

सन १९८५च्या निवडणुकीला समोरच्याच घरातली डिम्प्ना कीव्हनी उभी राहिली. ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची चिटणीस होती. वयाने तरुण होती, आणि तिचा आवाज गुरांच्या बाजारातही दूरवर ऐकू जाई. अर्ज भरण्याआधी ती गिल्रेनांच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मॅलकी, मी तुमच्या विरोधात उभी राहत नाहीये, शेजारी उभी राहतेय. रागावू नका."

"रागावतो कशाला? बस. कोरीच्या रस्त्याला अनुमोदन देशील ना?"

"देईन काय, तुम्ही मांडायच्या आधीच देईन."

मॅलकींना इतका आनंद झाला की त्यांनी तिला आपल्याच बशीतला केक दिला. परंतु ड्रमकीलच्या या बाजूने आजवर एका वेळी दोन सदस्य कधी निवडून गेले नव्हते. ती एकटी गेली किंवा ते एकटे गेले, तर रस्ता होता तिथेच राहणार होता. गेले तर दोघांनीच जायला हवे होते.

काळजी व्यक्त केली ती फॉन्सी मॅकगार्टी यांनी. हे चौकातल्या दारूच्या दुकानाचे मालक होते, आणि मतमोजणीच्या दिवशी कठड्याला टेकून, उघडणाऱ्या मतपत्रिका लांबूनच वाचून अंदाज बांधण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

"हे बघ मॅलकी," फॉन्सी म्हणाले, "माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस काय म्हणतो माहितेय? 'मॅलकीचं काय, तो येतोच. म्हणून माझा एक मी दुसऱ्याला देतोय.' सगळेच असं म्हणताहेत! तुझे एकचे आकडे फार कमी पडले, तर तुला आधीच बाद करतील. मग तुझ्या नावाचे दोन घेऊन काय लोणचं घालायचंय?"

"लोक चांगले आहेत," मॅलकी म्हणाले.

"लोक चांगलेच आहेत. चांगुलपणानंच मारतील तुला."

अट्रॅक्टाबाईंनी इस्त्री खाली ठेवली. "मॅलकी गिल्रेन, या वेळी तू एक मागायचास. जन्मात एकदा. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, मला एक द्या. म्हणून दाखव."

"मला एक द्या," मॅलकी पुटपुटले.

"मोठ्यानं! साखर मागितल्यासारखं काय म्हणतोस?"

त्यांनी मोठ्याने म्हणून दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी, निश्चय पक्का करून, ते कोरीचा डोंगर चढले.

पहिलेच घर नोरी मॅकपार्लन यांचे होते. नोरीबाईंचे वय झाले होते. त्यांच्या पतीला याच दगडांवरून खाली आणताना वाटेतच मृत्यू आला होता, आणि त्या दिवशी दाराचा पुढचा कोपरा मॅलकींच्या खांद्यावर होता. नोरीबाईंनी त्यांना चुलीजवळ बसवले, चहा ओतला, गरम पावावर लोणी थापले.

"नोरी," मॅलकी म्हणाले, "मी एक गोष्ट मागायला आलोय."

"माग की."

"मतदान जवळ आलं."

"आलं बाबा. मी ठरवलंय सगळं. कीव्हनीच्या पोरीला एक द्यायचा. एकटी बाईमाणूस, पहिल्यांदाच उभी राहतेय, हिरमोड नको व्हायला. तुझं काय रे, तू तर येतोसच." नोरीबाई थांबल्या. "का रे? तोंड का असं केलंस? चहा कडू झालाय का?"

मॅलकींनी तोंड उघडले. वाक्य जिभेवर तयार होते. ते बोलले असते, तर नोरीबाईंनी तत्क्षणी आपला विचार बदलला असता, हे ते पक्के जाणून होते. आणि डोंगरावर ज्या घरी ते असे बोलतील, त्या प्रत्येक घरी डिम्प्नाचे एक मत कमी होईल, हेही त्यांच्या ध्यानात आले. शिवाय, खरे सांगायचे तर, तोंडात अजून त्या बाईचा पाव होता.

"चहा फार छान आहे," ते म्हणाले. "पोरीला एक दे. अगदी योग्य केलंस. मला..."

"तुला दोन. ते काय सांगायला हवंय? मी देवाला एक दिला तर तुला दोन देईन."

अट्रॅक्टाबाईंनी संध्याकाळी विचारले, "किती जणांकडे मागितलास?" मॅलकी बूट काढण्यात फार वेळ गुंतून राहिले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले. "चला," त्या म्हणाल्या, "आता घरी बसायची सवय करून घे. कोंबड्यांना मतदानाचा हक्क नाही, त्यांना तरी नाही म्हणायला शीक."

मतमोजणी जिल्ह्याच्या गावी नगर सभागृहात झाली. पहिली फेरी जाहीर झाली, तेव्हा डिम्प्ना सर्वांच्या फार पुढे होती. मॅलकींच्या खाली केवळ एकच नाव होते. पस्तीस वर्षांत त्यांना इतके कमी एक कधीही मिळाले नव्हते. कठड्यापाशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी नजर चुकवली. एक जण जवळ येऊन म्हणाला, "मॅलकी, मला माफ कर. मला वाटलं बाकीचे देतील." त्याच्यामागून दुसरा आला आणि तोही तेच म्हणाला. मॅलकींनी दोघांशीही हात मिळवला. मॅलकींच्याच घरी कोणी वारले असावे, असे लांबून पाहणाऱ्याला वाटले असते.

नियमाप्रमाणे आधी डिम्प्नाची जास्तीची मते वाटायची होती, आणि त्यासाठी तिच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुन्हा लावायच्या होत्या. लांब टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाचा एक कप्पा होता. मोजणारी मुलगी कागद उचलून पाही आणि कप्प्यात टाकी. फॉन्सी कठड्यावर इतके वाकले होते की पोलिसाने त्यांचा कोट मागून धरून ठेवला होता.

"गिल्रेन," फॉन्सी पुटपुटले. "गिल्रेन. गिल्रेन. दुसराच कोणीतरी. गिल्रेन. अरे देवा! गिल्रेन. मॅलकी, इकडे ये, बघ तरी!"

मॅलकी पुढे आले. त्यांच्या नावाचा कप्पा भरत होता. तो भरला तेव्हा त्या मुलीने आतला गठ्ठा काढून बाजूला ठेवला, आणि रिकामा कप्पा पुन्हा भरू लागला. कोणता कागद कोणाचा हे कळण्याची सोय नव्हती, आणि तसे कळूही नये. तरीसुद्धा मॅलकींनी टोपी काढून हातात घेतली. लॉरी ज्या क्रमाने थांबत असे त्या क्रमाने त्यांनी एकेक फाटक डोळ्यांसमोर आणले, आणि प्रत्येक फाटकाशी मनातल्या मनात आभार मानले. पुष्कळ फाटके मागे पडली, तरी त्या मुलीचा हात थांबला नव्हता.

त्यानंतरच्या फेऱ्या संथपणे चालल्या. कोणी बाद होई, आणि त्याच्या कागदांवरही कुठेतरी दोन, कुठेतरी तीन मॅलकींचा निघे. खिडक्यांतून अजून चांगले ऊन येत होते, तेव्हा पाचवी आणि शेवटची जागा त्यांच्या नावे जाहीर झाली. डिम्प्नाने अशी आरोळी ठोकली की मोजणारी मुलगी दचकली.

आभाराचे भाषण करणे आवश्यक होते. मॅलकी खुर्चीवर चढले.

"ज्यांनी मला एक दिला त्यांचे आभार," ते म्हणाले. "त्यांना मी नावानिशी ओळखतो, कारण ते फारसे उरलेले नाहीत." सभागृह हसले. "आणि ज्यांनी मला दोन दिला..." इथे त्यांनी टोपीने डोळे पुसले.

"उतर आता," अट्रॅक्टाबाई खालून म्हणाल्या. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते. "तीनवाल्यांपर्यंत पोहोचलास तर इथेच मुक्काम करावा लागेल."

परिषदेच्या पहिल्याच सभेत डिम्प्नाने कोरीच्या रस्त्याचा ठराव मांडला. तिचा आवाज ऐकून छताकडे पाहण्याची कोणाची छाती झाली नाही. मॅलकींनी अनुमोदन दिले, आणि ठराव मंजूर झाला.

ती बातमी घेऊन ते लगोलग डोंगरावर गेले. घरे रिकामी होती. त्या उन्हाळ्यात पावसाने फार छळले होते, आणि दोन कोरडे दिवस मिळताच सारी कोरी दलदलीच्या रानात, जळणासाठी कापलेल्या तिथल्या मातीच्या ढेपा वाळत घालायला गेली होती. मॅलकी चिखल तुडवत तिथे पोहोचले. माणसे पाठी वाकवून ढेपा एकमेकींना टेकवून उभ्या करत होती. नोरीबाई एका उपड्या बादलीवर बसून सर्वांना सूचना देत होत्या.

"मंजूर झाला," मॅलकी म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "रस्ता मंजूर झाला. मी तुमचे आभार मानायला आलोय."

माणसे ताठ झाली. कोणी टोपी उडवली नाही की टाळी वाजवली नाही. एकाने कंबर धरली आणि तो खालच्या दगडांच्या वाटेकडे पाहत राहिला. नोरीबाईही तिकडेच पाहत होत्या.

"आभार आम्ही मानायचे," नोरीबाई शेवटी म्हणाल्या. "का तेही तूच आधी करणार?"

"मी आधीच आलो, आता काय करू?"

"काय करू म्हणजे?" त्यांनी आपल्या शेजारची ओळ दाखवली. "ती रांग तशीच पडलीय. कोट काढ. पाऊस यायच्या आत उभी झाली पाहिजे."

मॅलकींनी कोट काढला, घडी करून बादलीशेजारी ठेवला आणि ते वाकले.