सख्ख्या बहिणीच्या जागेची मोजणी

जागा घ्यायची तर आधी मोजून घ्यावी, हे मी आजही भेटेल त्याला सांगते. पण सांगून झालं की मीच विषय बदलते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कबनूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे यंत्रमागावर कामाला. भिंतीपलीकडे सारखा मागांचा खडखडाट, त्यामुळे बोलायचं ते ओरडूनच. माझा आवाज मोठा झाला तो तिथंच. धाकटी बहीण शिरोळच्या बाजूला दिलेली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं रस्त्याकडेला जागा घेऊन घर बांधलं होतं, आणि शेजारची निम्मी जागा माझ्यासाठी मोकळी धरून ठेवली होती. आई गेल्यापासून आम्हा दोघींना एकमेकींशिवाय माहेर नव्हतं. "आक्का, एका भिंतीला दोन घरं बांधू," ती म्हणायची. "तू भाकरी थाप, मी कालवणाला फोडणी देतो."

व्यवहार ठरला तशी मी म्हटलं, "मोजणी करून घेऊ."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "साडूच्या जागंची मोजणी? खुळी का काय तू! पावण्यावर इश्वास न्हाय म्हणून गावभर हुईल की!"

आमच्याकडची रीतच ही. परक्याकडून घेताना दगड न् दगड बघायचा, आणि सोयऱ्याकडून घेताना बांधावर उभं राहून चहा प्यायचा, झालं. पण मी ऐकणाऱ्यातली नव्हे. "उद्या आपली पोरं भांडली म्हंजे? काय हाय ते आत्ताच कळू दे." बहीण हसली. "करू दे की ओ दाजी. तिचं समाधान व्हईल."

मोजणीच्या दिवशी तिनं पुरणाचा घाट घातला होता, ठेवणीतली साडी नेसली होती. तालुक्याहून मोजणीदार आले. लगतचे मालक म्हणून दोघं भाऊ आले. त्यांच्या वडिलांकडूनच बहिणीनं जागा घेतली होती. म्हातारा वारला होता, भोवतीचं रान आता ह्या दोघांचं. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मागच्या अंगानं येऊ लागली, ती बहिणीच्या सैपाकघराच्या भिंतीपाशी येऊन थांबली. मोजणीदारांनी घराला वळसा घातला आणि पलीकडच्या भिंतीपासून रेघ पुढं चालू केली. आत बहीण पोळ्या भाजत होती.

म्हातारा तिच्या नवऱ्याचा लांबचा मामा. जागा देताना त्यानं "त्या बाभळीपासनं ह्या दगडापतोर तुमचं" म्हणून हात केला होता. मामाची जागा कोण मोजतो? तिथवर घर बांधलं. आणि आता सैपाकघर नि न्हाणी रेघेपलीकडं, मामाच्या रानात.

मामाची पोरं वाईट नव्हती. थोरला खाली बघतच बोलला. "वैनी, आमालाबी आजच कळतंय. पण आमच्या वाटण्या झाल्यात, मलाबी पोरंबाळं हायत. पाडा म्हणत न्हाय. तेवढीच जागा रस्त्याकडची द्या." रस्त्याकडची म्हणजे माझी. ती गेल्यावर मागं उरणाऱ्या पट्टीत कोंबड्यांचं खुराडं झालं असतं, घर नव्हे.

बहीण पिठाच्या हातांनी दारात उभी होती. "आक्का, तू मोजाय लावलं नसतंस, तर माझं घर माझंच ऱ्हायलं असतं की. तूबी शेजारी आली असतीस."

"आन तुझ्या पोरांनी काय केलं असतं गं, आपल्या माघारी?" मी ओरडले. राग आला होता, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. त्यातलं एकच जमलं. येताना एसटीत हे म्हणाले, "बरं झालं मोजली. न्हाईतर तिच्या भिंतीला भिंत लावून आपुनबी अडाकलो असतो." मी खिडकीकडं तोंड करून रडत होते.

पुढं बरेच दिवस तिचा निरोप नाही. मग कळलं, ती सैपाकघर पाडायला निघालीय. तशीच उठून गेले. बघते तर भांडीकुंडी सगळी पुढच्या सोप्यात आणून मांडलेली, गवंडी ठरवलेला.

"आक्काला शबूद दिलाय," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "चूल काय, बाहेरबी मांडता येती. तुझी जागा मी देणार न्हाय."

"मला नगं ती जागा."

"शेजारी यायचं न्हाय तुला?"

"यायचंय की गं बाई! तुझी चूल पाडून येऊ व्हय?"

तिनं ऐकलं नाही, भांडली, मला नाही नाही ते बोलली. मीही कमी बोलले नाही. शेवटी मी खाली बसले आणि पातेली उचलून आत नेऊ लागले. जरा वेळानं तीही उठली. मी हातात द्यायची, ती फळीवर लावायची. त्याच आठवड्यात रस्त्याकडची जागा त्या भावांच्या नावावर करून द्यायची, असं तिथंच ठरलं.

शेवटचा डबा लावून झाल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "म्हंजे आता तू पावणी म्हणूनच येणार की गं, आक्का."

"व्हय," मी म्हटलं.

मग तिनं माझ्यासाठी चहा टाकला.