खाटेखालचा भाऊबंद

आमच्या घरात कुत्र्यानं काय खावं याबद्दल तीन मतं आहेत. एक प्राण्यांच्या डॉक्टरांचं, एक माझ्या मुलीचं आणि एक माझं. पहिली दोन मतं एकच आहेत. माझं मत कुणी विचारलेलं नाही, त्यामुळे ते मी टेबलाखालून मांडतो.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, माणसाच्या ताटातलं काही द्यायचं नाही. कांदा-लसूण नाही, तिखट नाही, द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, गोडधोड तर अजिबात नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जळगावात कांदा-लसूण-तिखट वजा केलं तर उरतं काय?"

"केळी," ते म्हणाले. "तीही थोडीच."

मुलगी तेव्हा अकरावीत होती. तिनं हे सगळं कॉलेजच्या तासाला बसावं तसं लक्ष देऊन ऐकलं आणि घरी येऊन माझ्यावर पहारा बसवला. कुत्रा परदेशी जातीचा आहे असं सांगून आम्हाला दिला होता. मोठा झाला तसा तो आमच्याच गल्लीतल्या चेहऱ्यामोहऱ्याचा निघाला. पण मुलीच्या लेखी त्याचं पोट परदेशीच राहिलं. त्याला मोजून-मापून कोरडं खाणं आणि उकडलेला भात. आणि मी समोर बसून शेवभाजी ओरपणार! हे माझ्या मनाला पटेना.

तो मागत नाही हो. मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तो फक्त समोर बसतो आणि बघतो. इतक्या विश्वासानं माझ्याकडे बायकोनं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. एकदा मी पोळीचा तुकडा शेवभाजीत बुडवून त्याला दिला. त्यानं तो गिळला, एक क्षण विचार केला आणि मोरीतल्या बादलीत तोंड घातलं ते बादली अर्धी करूनच काढलं. मुलगी धावत आली. त्याच्या पांढऱ्या मिशांना लाल तर्री लागलेली.

"पप्पा, हे काय आहे?"

"कुंकू असेल," मी म्हणालो.

त्या दिवसापासून जेवताना माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आली. पण हे सगळं किरकोळ. माझ्या टेबलाखालच्या कारभारातला सगळ्यात मोठा घोटाळा मी केला तो टेबल नसलेल्या जागी, आमच्या गावी, कानबाईच्या रोटाच्या पंगतीत.

आमचं गाव धुळे आणि अमळनेरच्या मधे, पांझरेच्या काठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे काकूच्या घरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने, वर फुलोरा, रात्रभर गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. नोकरीधंद्यासाठी सुरतेपर्यंत पांगलेले आमचे सगळे भाऊबंद त्या दिवशी गावात सापडतात. देवीसाठी येतो असं आम्ही म्हणतो. खरं तर रोटासाठी येतो.

घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते वेगळे दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या, बरोबर खीर, कटाची आमटी, डांगराची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट. आमच्याकडे त्याचे नियम दोन. एक, ताटात घेतलेला रोट टाकायचा नाही. दोन, रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला त्या दिवशी चहा मिळतो. आणि लग्न होऊन गेलेली लेक या हिशेबात बाहेरची.

या दुसऱ्या नियमाची सगळ्यात मोठी शत्रू म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला चाळीसगावात दिली आहे. लग्नाआधी ती रोटाची अशी भक्त होती की काकू तिच्यासाठी खालच्या थरातली जास्त तुपाची पोळी राखून ठेवायची. लग्न झालं आणि पोळी बंद झाली. तरी दरवर्षी ती न चुकता येते, पहाटेपासून पुरण वाटते, पोळ्या लाटते, पंगतीत वाढते, आणि मग दुसऱ्या चुलीवरची साधी पोळी घेऊन उंबऱ्यावर बसते. त्या वर्षी पोचल्या पोचल्या तिनं मला गोठ्यामागे गाठलं.

"भाऊ, यंदा काकूला सांग. एक घास. फक्त एक. तुझं ऐकते ती."

"सांगतो की! त्यात काय!" मी छाती काढून म्हणालो.

आता मी छाती काढून बोललेली कुठलीही गोष्ट आजवर पार पाडलेली नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी तिनं विश्वास ठेवला. मी दिवसभर काकूच्या आसपास घोटाळलो. काकूनं एकदा मान वर करून विचारलं, "काय पाहिजे रे तुले?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी." तिनं तांब्या दिला. मी पाणी पिऊन परत आलो. असं तीनदा झालं. पोटात पाणीच पाणी झालं, पण रोटाचा विषय काही निघाला नाही.

सोमवारी कानबाईला पोचवून आलो आणि दुपारी पंगत बसली. कुत्रा आमच्याबरोबर आला होता, कारण जळगावात त्याला ठेवणार कुणाकडे? मुलीनं त्याला तिच्या डब्यातला भात चारून ओसरीवरच्या खाटेखाली बसवलं आणि मला सगळ्या भाऊबंदांसमोर तंबी दिली, "पप्पा, तुम्ही खाटेपासून लांब बसा."

मी खाटेला लागूनच बसलो. जागाच तिथे होती. असं मी तिला नंतर सांगितलं.

समोर उंबऱ्यावर बहीण, हातात साधी पोळी, नजर माझ्या ताटावर. बाजूला खाटेखाली कुत्रा, नजर माझ्या ताटावर. दोघांनाही हवं ते एकच. बहिणीनं भुवया उडवून विचारलं, सांगितलंस का? मी डोळ्यांनीच म्हणालो, थांब, योग्य वेळ येऊ दे. तेवढ्यात माझे काका, ज्यांना अख्खा गाव आबा म्हणतो, शेजारून म्हणाले, "शहरात राहून तुझं पोट आखडलं असेल. दोन पोळ्यांत हात वर करशील."

झालं. इथे मी दुसऱ्यांदा छाती काढली. "वाढा," म्हणालो. काकूनं वाढलं. "अजून वाढा." काकूनं अजून वाढलं, वर तुपाची धार. खान्देशातल्या पुरणपोळीचा आकार बाहेरच्यांनी पाहिलेला नसतो. ती ताटात मावत नाही, घडी घालून बसवावी लागते. आणि त्या सकाळीही काकूजवळ घोटाळून पोटात पुन्हा तीन तांबे पाणी गेलेलं.

शेवटची अर्धी पोळी समोर आली तेव्हा मला घाम फुटला. टाकायची तर नाही. उठायचं तर आबा मिशीत हसत बसलेले. शेजारच्या पुतण्याच्या ताटात सरकवावी, तर तो आधीच पट्टा सैल करून बसलेला. अशा वेळी गुडघ्याला काहीतरी ओलं लागलं. बघतो तर कुत्र्याचं नाक.

माझ्या डोक्यात त्या क्षणी आलेला विचार मला अजून बिनचूक वाटतो. रोट बाहेरच्या माणसाला द्यायचा नाही. बरोबर. पण हे माणूस कुठे आहे?

मी घडी घातलेली पोळी अलगद खाली सोडली. ती जमिनीला लागली नाही.

"काकू!" उंबऱ्यावरून आवाज आला. "भाऊनं कुत्र्याला रोट दिला!"

अख्खी पंगत थांबली. खिरीचा चमचा तोंडाशी नेलेला माणूस चमचा तसाच धरून माझ्याकडे बघू लागला. त्या शांततेत फक्त खाटेखालून मिटक्या ऐकू येत होत्या. या कुत्र्याला हळू खाता येत नाही.

"पप्पा!" मुलगी उठलीच. पुढच्या मिनिटाला तिनं जळगावला डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"किती खाल्लं?" डॉक्टर विचारत होते.

"एक तुकडा," मी म्हणालो.

"अर्धी पोळी!" बहीण म्हणाली. "आणि पोळी केवढी ते मला विचारा, मी लाटलीय."

"पुरणात जायफळ आहे का?"

मुलीनं काकूकडे पाहिलं. "नही," काकू पुटपुटली, "येलदोडा."

"मग घाबरू नका. पाणी ठेवा, आज दुसरं काही देऊ नका. पोट बिघडलं, उलटी झाली, तर लगेच कळवा. आणि वडिलांना दूर बसवा."

पंगतीत एक-दोघांना हसू फुटलं. पण काकू हसली नाही. हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवून ती तिथेच बसली, आणि मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. कानबाईचं सगळं ती एकटीच्या अंगावर घेते. गहू निवडण्यापासून नथ घालण्यापर्यंत कुणाचा हात लागू देत नाही. तिच्या लेखी रोट उंबऱ्याबाहेर गेला म्हणजे देवीला अर्धवट जेवू घालून वाटेला लावल्यासारखं होतं.

"एवढा मोठा व्हयना," ती मला म्हणाली, "पण अक्कल काही उनी नही."

"चुकलं, काकू."

"काकू, तुम्ही बसा, मी काहीतरी…" बायको मधे पडायला गेली.

"थांब." काकूनं हात वर केला. ती कुत्र्याकडे बघत होती. तो मिशा चाटत खाटेखालून बाहेर आला आणि बरोबर तिच्याच पुढ्यात जाऊन बसला. नुसता बसला आणि बघायला लागला. मी म्हटलं नव्हतं का, तो मागत नाही?

"त्याले कोन खावाडस?" काकूनं माझ्या मुलीला विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली.

"मीही," मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

"रातले कोठे झोपस तो?"

"आमच्याच घरात, आजी. पप्पांच्या पायाशी."

"त्याले दुसरं घर शे का?"

"नाही."

काकूनं पदरानं कपाळ पुसलं. मग वळून, जिथे कानबाई बसली होती त्या रिकाम्या पाटाकडे एकदा पाहिलं, आणि उठून उभी राहिली. "मंग तो घरनाच शे," ती म्हणाली. "रोट बाहेर नही गया. वाढा रे बठ्ठासले."

पंगतीनं जो श्वास सोडला, त्यानं कानबाईच्या पाटाशी बांधलेली केळीची पानं हलली असतील. आबा मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे आता शेताच्या वाटणीत हाही धरायचा का?" मी सुटलो. खिरीची वाटी ओढतोय तोच उंबऱ्यावरून पुन्हा आवाज आला. या वेळी तो चढा नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"काकू, त्याला दुसरं घर नाही म्हणून तो घरचा. मान्य. मला दुसरं घर आहे म्हणून मी बाहेरची. तेही मान्य." बहिणीनं साधी पोळी खाली ठेवली. "पण माझ्या सासरी कानबाई बसतच नाही. तिकडे रोट नाही, इकडे मला चालत नाही. त्याला एक घर, त्या घरचा रोट मिळाला. मला दोन घरं, आणि एकाही घरचा मिळत नाही. हे कसं?"

काकूनं आबांकडे पाहिलं. आबांनी घाईघाईनं आमटीत बोट घातलं. भाऊबंदांनी एकेक करून आपापल्या ताटात असं लक्ष घातलं, जणू तिथे काहीतरी लिहिलेलं आहे. एरवी सोयाबीनच्या भावावर दोन-दोन तास बोलणारी ही मंडळी!

"सांग ना, काकू," बहीण म्हणाली. "मी याच्यापेक्षा कमी आहे का? मी तर पोळ्यासुद्धा लाटल्या. यानं काय केलं?"

"मिटक्या मारल्या," मी म्हणालो.

"तू गप बठ!" काकू आणि बहीण एकदमच म्हणाल्या.

काकू तिथेच उभी राहिली. माझी खात्री आहे, तिच्याकडे उत्तर होतं. आजेसासूपासून चालत आलेलं, जे तिला स्वतःला सून म्हणून आल्यावर मिळालं असेल, माहेरच्या रोटाला मुकल्यावर. पण ते उत्तर आता खाटेखालून मिशा चाटत बाहेर आलेल्या प्राण्यासमोर उभं राहून द्यायचं होतं, आणि ते काही केल्या तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

"कानबाई मायले मी सांगसू," ती शेवटी म्हणाली. कुणाला उद्देशून, कळलं नाही. मग माझ्याकडे वळून, "सरक तिकडे. किती जागा अडावस!"

मी सरकलो. काकूनं माझ्या आणि आबांच्या मधे पाट मांडला, नवं ताट ठेवलं. "आठे बठ," ती बहिणीला म्हणाली.

बहीण उठेना. एवढं भांडून जिंकल्यावर ती उंबराच धरून बसली. मुलीनं तिला हात धरून आणलं, पाटावर बसवलं. काकूनं डब्यात हात घालून खालच्या थरातली पोळी काढली, घडी मोडून ताटभर पसरली. कुणी जेवत नव्हतं. सगळे बघत होते. बहिणीनं घास मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिली. काकूनं पदराचं टोक घट्ट धरून ठेवलेलं.

"तूप कमी आहे," बहीण डोळे न उघडताच म्हणाली.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकू म्हणाली, "पाहा, पाहा, लगेच चाळीसगावना तोरामा उनी!" आणि तुपाचं भांडं उचलून तिनं पोळीवर अशी धार धरली की ताटाच्या कडेवरून ओघळ सुरू झाला. बहीण पुरे म्हणेना, काकू थांबेना. मुलगी मात्र एका हातानं कुत्र्याचा पट्टा आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून बसली होती.