हिद्दच्या बोटीवरची उन्हाची वीज

तेलाच्या बेटावर मी उन्हाची वीज बसवायला चाललो आहे, हे ऐकून विमानातला शेजारी इतका हसला की त्याच्या हातातला चहा माझ्या पँटवर सांडला. मूळचा पुण्याचा, आता बहरीनच्या रिफा गावात राहणारा, कुठल्याशा बँकेत नोकरीला. बहरीनमध्ये वीज पाण्याच्या भावात मिळते, उन्हाचं काय घेऊन बसलात, असं म्हणाला आणि खुशाल झोपला. विमान उतरेपर्यंत माझी पँट ओली होती. पुढे जे झालं ते पाहता त्याचं हसणं अगदीच वायफळ नव्हतं, पण ते त्याला सांगायची माझी इच्छा नाही.

मला बोलावलं होतं इस्माईलभाईंनी. आमच्या दापोली तालुक्यातले, शेजारच्याच गावचे. मी आयटीआयमध्ये विजेचं काम शिकवायचो. निवृत्त झाल्यावर, जिथे तारा पोचल्या नाहीत अशा खाडीपलीकडच्या वाड्यांमध्ये सौर दिवे बसवत हिंडायचो. त्यांच्या घरचा दिवा मीच बसवला होता. ते स्वतः ऐन तरुणपणी बहरीनला गेले ते हिद्द गावातल्या एका अरबाबाच्या (मालकाच्या) लाकडी बोटीवर राहिले. बोटीची राखण, साफसफाई आणि जनरेटर सांभाळणं हे त्यांचं काम. दोन वर्षांतून एकदा लीव (रजा) मिळाली की घरी यायचे.

एवढ्या वर्षांत त्यांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, बहरीन एकदाही पाहिलं नव्हतं. अरबाबाने कबूल केलं होतं की बोट नीट झाली की बायकोला महिनाभर आण, व्हिसा मी काढतो. भाभींनी पासपोर्टही काढून ठेवला होता. अडचण होती ती जनरेटरची. भाभींना अर्धशिशीचा त्रास, पिठाच्या गिरणीसमोरून जातानासुद्धा त्या कानांवर पदर दाबून धरतात. आणि इस्माईलभाईंची झोपायची खोली जनरेटरला अगदी चिकटून. म्हणून त्यांनी अरबाबाच्या मागे लागून लागून उन्हाच्या विजेचं त्याच्या डोक्यात भरवलं, आणि ती निवडायला थेट गावाकडच्या सरांना बोलावून घेतलं.

राजधानी मनामाच्या नईम भागात आमच्या तालुक्यातल्या लोकांची एक जुनी खोली आहे. माझी सोय तिथे होती. लोखंडी खाटा, खिडकीत घरघरणारा एसी, आणि कालवणाला थेट आमच्याकडचा वास. पहिल्याच जेवणात हामूर (तिकडचा लाडका मासा) आणि कोपऱ्यावरच्या भट्टीतली ताटाएवढी खुब्ज (रोटी) आली. मी दोन खुब्ज खाल्ल्या आणि तिसरी नको म्हटलं, तर आचाऱ्याने ती माझ्या ताटात ठेवूनच दिली. परदेशात आलोय असं वाटेना. बाहेर पडलो तेव्हा वाटलं. ऊन असं की डोळे उघडे ठेवायचे तरी कष्ट. मनात म्हटलं, इथे तर उन्हाची वीज धावत येईल.

ती तशी येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. हिद्दला मुख्य समुद्रापासून आत खणून आणलेला एक कालवा आहे, त्यात भरतीचं पाणी खेळतं, आणि काठाला बोटी लावलेल्या असतात. आमची बोट शेवटची, काठावरची वीज तिच्यापर्यंत पोचत नाही. जुनी, रुंद, अरबाबाच्या वडिलांची. आता ती कुठे जात नाही. अरबाब आणि त्याचे दोस्त संध्याकाळी तिच्यावर गाद्या टाकून बसतात, कहवा पितात, एवढंच. नमुन्याला आणलेलं एक पॅनल मी टपावर ठेवलं आणि थोड्या वेळाने मीटर लावला, तर वीज अपेक्षेपेक्षा कमी. पॅनल इतकं तापलं होतं की चौकटीला हात लावताच बोटं भाजली. पॅनलला उजेड हवा असतो, भट्टी नको. त्यातून हवेत धूळ आणि खार. सकाळी पुसलेली काच दुपारी पिठूळ दिसायची.

बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून बसलो असताना इस्माईलभाई मला खोली दाखवायला घेऊन गेले. जेमतेम खाट मावेल एवढी. भिंतीला नवा पिस्ता रंग, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. पलीकडे जनरेटर धडधडत होता, त्यामुळे त्यांना माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. पडदा मनामाच्या बाजारातून आणला, भाभींना जांभळा आवडतो, असं सांगत होते. पन्नाशीचा माणूस, पण पडद्याची कड सारखी करताना नव्या नवऱ्यासारखा लाजत होता.

बोटीत फार काही चालवायचं नव्हतं. दिवे, पंखे, एक छोटा फ्रिज, आणि तळाशी झिरपणारं पाणी उपसायचा पंप. मनामातल्या दुकानदाराकडे पॅनलचे दोन प्रकार होते. एक स्वस्त आणि भलंमोठं, दुसरं महाग पण आटोपशीर. अरबाबाची अट एकच, बापाच्या बोटीवर काही भिकारडं दिसता कामा नये. मी दुसरं निवडलं, खालून वारा खेळावा म्हणून टपापासून वीतभर उंच बसवायचं ठरवलं, बॅटऱ्या थंड जागी, तळाला.

हे सगळं अरबाबाला समजावून सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही बोटीवरच बसलो होतो. अरबाब म्हातारा, हसतमुख, बोटांत सतत जपमाळ. वाईट माणूस नव्हता, आणि तेच मला अजून खुपतं. मी मराठीत बोलत होतो आणि इस्माईलभाई ते त्याला अरबीत सांगत होते. डिझेल नको. धूर नाही. आवाज नाही. दरवेळी म्हातारा मान हलवायचा, पण खर्चाला राजी होईना. मग मला शिकवण्याचा जोर चढला. मी म्हटलं, "त्यांना सांगा, एकदा बसवलं की बघायलाच नको. मशीनपाशी माणूस लागत नाही."

इस्माईलभाईंनी ते सांगितलं. जरासुद्धा न अडखळता, उलट माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने, हात हलवून हलवून.

म्हाताऱ्याची जपमाळ थांबली. तो म्हणाला, "मफी नफर?" (माणूस नको?)

"मफी नफर," इस्माईलभाई अभिमानाने म्हणाले.

अरबाब राजी झाला. परतताना इस्माईलभाईंनी गाडीत माझा हात दोन्ही हातांत धरला. मलाही आपण मोठा तीर मारला असंच वाटत होतं. अक्कल शिकवण्यात उभा जन्म गेला, पण स्वतःच्या तोंडून काय गेलं ते ऐकायला शिकलो नाही.

काम चोख झालं. शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, अरबाबाच्या घरून मच्छबूसचं (मसालेभात आणि मटण) मोठं ताट आलं. सगळे जमल्यावर इस्माईलभाईंनी जनरेटर बंद केला. पंखे फिरतच राहिले. मग बोटीवर जे ऐकू आलं ते मी विसरणार नाही. काठावर पाणी चुबुकचुबुक करत होतं. कुठेतरी दोर कुरकुरला. दोस्तांपैकी एकजण तर हळू आवाजात बोलायला लागला. इस्माईलभाई त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. भाभींना इथे झोप लागेल, एवढंच मला म्हणाले.

अरबाबाने त्यांना जवळ बोलावलं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि सगळ्यांसमोर बोलू लागला. मला अरबी कळत नाही. इस्माईलभाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते तसंच चिकटून राहिलं. नंतर त्यांनी मला एकेक वाक्य सांगितलं. अरबाब म्हणाला, तू माझ्या बापाच्या बोटीची फार सेवा केलीस. आता मशीन नाही, माणूस नको. काचा काय, माझा ड्रायव्हर सकाळी गाडीबरोबर पुसेल. तू घरी जा, आराम कर. बायकोच्या व्हिसाचं इस्माईलभाईंनी विचारलं, तर म्हातारा मनापासून हसला. आता तूच तिच्याकडे चाललास, तिला इथे कशाला आणायचं?

मी भांडायला उठलो. इस्माईलभाईंनी माझं मनगट धरून खाली बसवलं. "खलास, सर," ते म्हणाले. "त्यानं उपकारच केलेत असं त्याला वाटतंय. नाय म्हणून कसं सांगू?"

मला राग आला तो कोणाचा, हे मी आजही नीट सांगू शकत नाही. अरबाबाचा आला, माझा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा इस्माईलभाईंचाही आला. जे वाक्य त्यांच्या मुळावर येणार होतं तेच त्यांनी इतक्या हौसेने का सांगावं? पण ते सांगताना त्यांच्या डोळ्यांसमोर नोकरी नव्हतीच, जांभळा पडदा होता.

निघताना अरबाबाने आम्हा दोघांना बहरीनी हलव्याचा एकेक डबा दिला. सारखाच, केशराचा, वर बदाम. ज्याने उभा जन्म बोट सांभाळली त्याला आणि ज्याने चार तारा जोडल्या त्याला, एकच मोल. विमानात इस्माईलभाईंनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. पडदा त्यांनी आणला नव्हता. खोलीला बरा दिसतो, म्हणाले. मग खाली मुंबई दिसू लागली तेव्हा म्हणाले, "सर, घरी लीव म्हणून सांगतो. ईदपर्यंत तरी."

मुंबईहून दापोलीला एसटीने आलो आणि त्यांच्या आग्रहावरून मी तसाच त्यांच्या घरी गेलो. भाभी दारातच होत्या. माझ्या दिव्याखाली बसवून चहा दिला, हलव्याचा डबा उघडला, आणि नवऱ्याला सोडून मलाच विचारलं.

"बोटीचा आवाज गेला ना, सर?"

"गेला," मी म्हटलं. "पूर्ण गेला."

"मग आता मना कवा नेतायत?"

इस्माईलभाई हलव्यावरचे बदाम एका कडेला काढत होते. मी हलव्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, बोलायला लागू नये म्हणून.

आता मला कोणी विचारतं, बहरीन कसं आहे? मी म्हणतो, शांत आहे. आम्ही बसवलेली वीज अजून चालू असेल, काम पक्कं होतं. जांभळ्या पडद्याच्या त्या खोलीत पंखाही फिरत असेल, आणि तिथे झोपायला कोणी नसेल.