कडकरावांच्या इस्त्रीखालचा डाग

कडकराव हे त्यांचे खरे नाव नव्हे. पण खरे नाव कोणाच्या ध्यानातच उरले नव्हते, त्यामुळे इलाज नाही. आयुष्यभर त्यांनी लाँड्री चालवली. गिऱ्हाइकांच्या कॉलरींना ते इतकी खळ घालत, की मान वळवायची असेल तर माणसाला अंगासकट वळावे लागे. स्वतःचा रुमाल ते घडी मोडेल म्हणून कधी वापरत नसत.

दुकान जावयाच्या हाती सोपवल्यावर ते स्वस्थ बसतील, अशी घरच्यांची भाबडी समजूत होती. परंतु ज्याचा हात सुरकुती पाहिली की शिवशिवतो, त्याला स्वस्थता कुठली? घरामागे थोरल्या भावाच्या वाट्याची जागा होती. भाऊ वारल्यावर ती वहिनींकडे आली होती. वहिनींनी पडीक राहण्यापेक्षा बरे म्हणून दिराला तिथे झाडे लावू दिली. कडकरावांनी नासपती आणि आलुबुखार लावले, तेही दोरी धरून, सरळ रांगेत. मग फळ चांगले धरावे म्हणून मधमाश्यांच्या पेट्या आणल्या, त्याही सरळ रांगेत, सगळ्यांची तोंडे उगवतीकडे. उगवतीच्या अंगाला, पेट्यांच्या बरोबर समोर, वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी होती.

"भावोजी, त्या पेट्यांची तोंडं जरा कुंपणाकडे फिरवा," वहिनी हिवाळ्यातच म्हणाल्या होत्या. "उठल्या की माझ्या कपड्यांवरनंच जाणार त्या."

"रांग बिघडते, वहिनी."

"रांग बिघडते! तुमच्या माश्या काय शाळेत निघाल्यात?"

कडकरावांनी ते बोलणे मनावर घेतले नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते आपल्या माश्यांची थोरवी सांगत. माशीसारखा स्वच्छ प्राणी नाही, थंडीचे महिनेच्या महिने ती पेटीत कोंडून बसते, पण स्वतःच्या घरात कधी घाण करत नाही. माणसाने हा गुण घेण्यासारखा आहे. एवढे दिवस धरून ठेवलेले ती शेवटी कुठे सोडते, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारला नाही. थोर माणसांचे असेच असते. व्याख्यान संपले की विचार संपतो.

पुढे हवा उबदार झाली. नासपतीला कळ्या धरल्या, झाड असे पांढरे झाले की कडकरावांना त्यावरून इस्त्री फिरवावीशी वाटली. त्यांनी पेट्या उघडल्या, थोडा धूर दिला, तळाशी साचलेल्या मेलेल्या माश्या मऊ ब्रशने काढल्या, राणीने अंडी घातली आहेत ना हे चौकटी उन्हात धरून पाहिले आणि ढोलासारखे फुगून घरात आले. त्याच सकाळी वहिनींनी ठेवणीतली पांढरी चादर धुऊन दोरीवर टाकली होती. मुलीच्या सासरची मंडळी, म्हणजे व्याही आणि विहीणबाई, मुक्कामाला यायची होती.

ऊन चढले. माश्या उठल्या. साऱ्या हिवाळ्याची अडचण घेऊन त्या बिचाऱ्या पेटीबाहेर पडल्या आणि दोरीपर्यंत येता येता मोकळ्या झाल्या.

"भावोजी!"

ही हाक ऐकून कुंपणापलीकडून जाणारा टपालवालासुद्धा थांबला. चादरीवर पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांची पखरण झाली होती. कडकरावांच्या तज्ज्ञ डोळ्यांनी एका नजरेत ओळखले की हे काय आहे. पण त्यांची तज्ज्ञ जीभ निराळेच बोलली.

"पराग आहे, वहिनी. फुलांवरची धूळ."

"पराग?"

"पायाला लागलेला सांडतो. चालायचंच."

"पराग असेल तर माझं काही म्हणणं नाही. देवाची करणी," वहिनी म्हणाल्या. "पण घाण असेल, तर उद्या सकाळी पेट्या माझ्या जागेतून बाहेर. टपालवालेदादा, तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं हो," टपालवाला म्हणाला, आणि सायकल कुंपणाला टेकवून नीट उभा राहिला.

कडकरावांनी पेट्यांची रांग नजरेखालून घातली. ऐन फुलोऱ्यात पेट्या थोड्या अंतरावर हलवल्या, तर माश्या जुन्या जागी परततात, नाहीशा झालेल्या घराभोवती घिरट्या घालतात आणि गार पडून मरतात. दूर न्यायला त्यांच्याकडे जागा नव्हती. आणि झाडांना तर ना माशी उरली असती ना फळ.

"मग चाखून दाखवा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"परागच ना? औषधी असतो म्हणता. चाखा."

कडकरावांनी टपालवाल्याकडे पाहिले. टपालवाल्याने आकाशाकडे पाहिले. मग खळ दाट झाली की पातळ, हे तपासताना ते बोट बुडवत, त्याच गांभीर्याने त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकले आणि ते जिभेला लावले. चेहऱ्यावरची एकही घडी मोडली नाही.

"गोडसर आहे," ते म्हणाले.

टपालवाला बाजूला जाऊन थुंकला. चाखले होते कडकरावांनी.

"बरं. मग परागासारखाच काढा. तुम्हाला मी काय शिकवणार?"

इथे मात्र मेख होती. वहिनींनीही उमेदीची वर्षे त्याच दुकानात काढली होती, आणि डाग काढण्याची विद्या दोघांनी थोरल्या भावाकडूनच घेतली होती. पराग कोरडाच झटकायचा, पाणी लावायचे नाही. पक्षी-किड्यांची घाण मात्र गार पाण्यात भिजवायची, आणि ती निघेपर्यंत कपड्याला ऊब दाखवायची नाही. इस्त्री लागली की डाग जन्माचा. आता गार पाणी मागणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. कडकरावांनी मुकाट्याने कोरडा ब्रश घेतला. घासघास घासला. एकही ठिपका निघाला नाही, दोन पसरले.

"हट्टी पराग दिसतो," टपालवाला म्हणाला.

"तुम्हाला पत्रं वाटायची नाहीत का?"

"वाटू की. लोक थांबतील."

वहिनींनी चादर दोरीवरून काढली, मागच्या व्हरांड्यातल्या टेबलावर पसरली आणि इस्त्रीचे बटण स्वतः दाबले. "राहू दे तसा. पाहुणे यायची वेळ झाली. इस्त्री फिरवा आणि द्या."

इस्त्री तापली. कडकरावांनी ती उचलली आणि त्यांचा हात चादरीवर अधांतरी थांबला. असंख्य कपडे त्या हाताखालून गेले होते. डागावर इस्त्री फिरवण्याचे पाप त्या हाताने एकदाही केले नव्हते. केले म्हणून एका कारागिराला मात्र त्यांनी दुकानातून हाकलले होते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात गार पाण्याची भरलेली बादली होती. वहिनींनी ती केव्हा आणून ठेवली, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. "बादली द्या," एवढे दोनच शब्द बोलायचे होते. की चादर वाचत होती.

बाहेर पेट्यांचा गुणगुणाट चालू होता. एक माशी पायांना खरोखरच्या परागाचे पिवळे गोळे चिकटवून नासपतीवरून परतत होती, साळसूदासारखी.

कडकरावांनी इस्त्री टेकवली. पहिल्या ठिपक्यावरून फिरवली, दुसऱ्यावरून फिरवली. कडेपासून कडेपर्यंत, एकही सुरकुती न ठेवता, आयुष्यातली सर्वांत उत्तम इस्त्री त्यांनी त्या चादरीला केली. ठिपके तांबूस झाले आणि धाग्यात कायमचे बसले. त्यांनी चार घड्या घातल्या, चादर वहिनींपुढे धरली आणि त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

वहिनींनी चादर हातात घेऊन एक घडी उलगडून पाहिली. आपल्या दिराने काय मोडले, हे त्या अंगणात त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार होते?

"पेट्या राहू देत," त्या म्हणाल्या. "पराग होता. मी शब्द दिलाय."

विहीणबाईंच्या पलंगावर त्यांनी दुसरी चादर घातली. डागांची चादर मात्र त्यांनी जपून ठेवली. तेव्हापासून त्या ती मागच्या दोरीवर घालत नाहीत. धुणे निघाले की रस्त्याच्या बाजूला, फाटकापाशी, डाग बाहेर करून वाळत घालतात. कोणी थांबून विचारले तर म्हणतात, "आमच्या भावोजींच्या हातची इस्त्री आहे. हात लावू नका, पराग झडेल."

त्या वर्षी नासपतीच्या फांद्या फळांनी वाकल्या. पहिली पाटी कडकरावांनी वहिनींच्या दारात नेऊन ठेवली, आणि परत येऊन पेट्यांची तोंडे, रांग बिघडली तरी, एकेक करून कुंपणाकडे वळवायला घेतली. रोज थोडी, माश्यांना कळणार नाही इतकीच.

"आता कशाला फिरवता?" टपालवाला कुंपणावरून ओरडला. "परागच तर आहे!"