खटके सरांचा जंजिरा

जंजिऱ्याबद्दल बोलायला लागण्याआधी खटके सर चपला काढून खिडकीत ठेवायचे. "होडीत चपला भिजत्यात बे," म्हणत बाकावर बसून वल्ही मारायचे. आमची शाळा युसूफ वडगावजवळची. समुद्र तिथून इतका लांब की आम्ही पोट धरून हसायचो. पण किल्ला त्यांनीच आमच्यासमोर उभा केला: चारी बाजूंनी खारं पाणी, आत गोड्या पाण्याचं तळं, आणि होडी जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा.

शाळेची सहल जानेवारीत तिथं जायची. तेव्हा आम्ही अकरा जण आईबापांबरोबर उसाच्या फडावर असायचो. कारखान्याचं धुराडं पेटलं की आमची शाळा विझायची. सरांनी आमच्यासाठी मे महिन्यात वेगळी सहल मागितली.

मुख्याध्यापक म्हणाले, "खटके, ह्या पोरांनी अजून तुळजापूर पाह्यलं न्हाई. जंजिरा दाखवून काय आरमार उभं करताव?"

"आरमार न्हाई, सायेब. नुसता समुद्र. त्यो काय कुण्या बापाचा हाय?"

परवानगी मिळेपर्यंत मे संपत आला. रात्रभर टेम्पोतून हादरत आम्ही किनाऱ्यावर पोचलो, तर होड्या वाळूवर ओढलेल्या.

"कालपासून बंद झाल्या, गुरुजी," नावाडी म्हणाला. "पावसाळी वारा सुटलाय. दसऱ्याला या, दर्या गप असतो."

"दसऱ्याला ही पोरं कोयत्यामागं गेलेली असत्यात," सर म्हणाले. नावाड्याला ते कळलं नसावं.

समोर पाण्यात काळी भिंत उभी होती. सविताने विचारलं, "सर, दरवाजा कुठंय?"

"हितून न्हाई दिसत, बाळा."

नावाड्याने आम्हाला वाळूवरच्या होडीत बसू दिलं. सर खालीच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

पुढच्या वर्षी त्यांनी सहल दसऱ्याआधी न्यावी म्हणून अर्ज केला. उत्तर आलं: सहामाही परीक्षेच्या तोंडावर सहल नेता येणार नाही. त्यांनी पुन्हा अर्ज केला. दरवर्षी केला, निवृत्त होईपर्यंत. "कागद फाडत्याल, पण वाचून फाडत्याल," म्हणायचे. मी आता ऊसतोड कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहितो; ती लिहायला शिकलो ते त्या अर्जांवरून.

गेल्या जानेवारीत सर वारले. शोकसभेत त्याच मुख्याध्यापकांनी सांगितलं की सरांनी ऊसतोड कामगारांच्या लेकरांना जंजिरा दाखवला. टाळ्या पडल्या. खोटं आहे, असं मी उठून म्हणालो. दुजोरा द्यायला कुणीच नव्हतं. बाकीचे दहा जण फडावर होते, आता आपापली लेकरं घेऊन.