लिंबू लावलेला तलवार मासा

माझ्या नातीला शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत चिठ्ठीत तलवार मासा निघाला. आता आमच्या अकोल्यापासून समुद्र कुठल्या कुठं! मी पाहिलेले मासे म्हणजे बाजारातल्या टोपलीतले, तेही नाकाला पदर लावून. पण पोरीचा जीव टांगणीला लागला होता. गेल्या वर्षी ती वांगं झाली होती, अन् स्टेजवर तोंडातून शब्दच फुटला नाही. रडत खाली आली. वर्गातली पोरं तिला अजून मुकं वांगं म्हणतात. यंदा काही झालं तरी बोलायचंच होतं.

मोबाइलवर पाहून तिनं चार वाक्यं पाठ केली. तलवार मासा समुद्रात राहतो. त्याच्या नावाचं एक जुनं लढाऊ विमान होतं. एक पाणबुडी होती. आभाळातल्या एका तारकासमूहालाही लोक याच नावानं ओळखत.

"माय वं!" मी म्हटलं. "इतक्या जणाईचं एकच नाव? मंग हाक मारली तं ओ कोन देते?"

"आजी, मले गोंधळवू नको!"

मी पुठ्ठ्याची तलवार कापली, चांदीचा कागद चिकटवला, तिच्या कपाळावर बांधली. तेवढ्यात अकोटहून आलेली माझी नणंद ओरडली, "वयनी, लेकराच्या डोक्यावर नुसती तलवार? नवरदेवाच्या कट्यारीले आपुन लिंबू टोचतो का नाई?"

खरंच होतं. आमच्यात टोकाला लिंबू लावल्याशिवाय नवरदेव दारातून हलत नाही. टोचलं मग लिंबू. चांगलं रसरशीत, आमच्याच मळ्यातलं.

त्या वजनानं तलवार वाकून पोरीच्या नाकासमोर लोंबायला लागली. म्हणून ती मान वर करून, छताकडे पाहतच स्टेजवर गेली. समोरचे लोक तिला दिसलेच नाहीत. धडाधड सगळं म्हणाली. मासा, विमान, पाणबुडी, तारे.

तितक्यात परीक्षक बाईंनी विचारलं, "बाळ, माशाला लिंबू कशाला?"

मी पदर तोंडात धरला. हे काही पाठ नव्हतं.

"त्याचं लगन हाय," नात छताला म्हणाली. "वरात विमानानं गेली, आता पाणबुडीतून वापस येऊन राहिली."

सगळे हसून हसून बेजार. बक्षीस गेलं एका टमाट्याला. पण घरापर्यंत नातीचं तोंड काही बंद होईना. वरातीत कोण कोण रुसलं, ते ऑटोवाल्यालाही ऐकावं लागलं.

शेवटी नणंद म्हणाली, "वयनी, तलवारीचं लिंबू काढा अन् आता इच्या जिभेले टोचा."